ताई निवडून आली, आता मी टेंडर भरायचं की नाही?

फ्यूजवाला:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायची वेळ आज आली. गाव आणि नाव सांगत नाही. का ते पुढे कळेलच.

माझा धंदा रस्त्यावरच्या दिव्यांचा. खांब उभे करणं, केबल टाकणं, फिटिंग बसवणं आणि मग वर्षानुवर्षं ते पेटते ठेवणं. एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला एक स्कूटर, तिला आडवी बांधलेली शिडी आणि मी. वळणावर लोक शिव्या द्यायचे. आज हाताखाली चौदा माणसं आहेत आणि शिडीच्या जागी स्वतःची हायड्रॉलिक गाडी आहे. महापालिकेच्या नोंदणीकृत ठेकेदारांच्या यादीत माझं नाव अकरा वर्षांपासून आहे. ताईनं तेव्हा राजकारणाचा विचारसुद्धा केला नव्हता.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. यंदा ती नगरसेविका म्हणून निवडून आली आणि पहिल्याच फेरीत स्थायी समितीवर गेली. टेंडरं शेवटी मंजुरीला तिथेच जातात, हे इथल्या जाणकारांना सांगायला नको. प्रचारात मी होतो, नाकारत नाही. भाऊ आहे, घरात बसून टीव्हीवर निकाल बघणार होतो का?

आता जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवायचे आणि पाच वर्षं देखभाल करायची, असं मोठं टेंडर निघतंय. मी या कामाची दोन वर्षं वाट पाहिली. हायड्रॉलिक गाडीचं कर्ज याच भरवशावर काढलंय.

घरात तीन मतं. बायको म्हणते, भरू नका, लोक तोंडावर बोलणार नाहीत पण बोलतील. हिशेब बघणारे गृहस्थ म्हणतात, तुमच्या मेव्हण्याच्या नावानं नवी फर्म काढू, आठ दिवसांचं काम. ताई म्हणते, तू तुझं बघ, बैठकीत तो विषय आला की मी तोंडच उघडणार नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. टेंडर ऑनलाइन, दराचा लिफाफा शेवटपर्यंत बंद. माझा दर सगळ्यात कमी निघाला तर पालिकेचे पैसे वाचतात. मग कुणाचं काय बिघडलं? निवडणूक तिनं लढवली, शिक्षा माझ्या चौदा माणसांना का?

---

तिरकस:

शिक्षा? वा. ज्यांची बहीण निवडून आलेली नाही ते सगळे ठेकेदार इतकी वर्षं जन्मठेपच भोगत असणार मग.

ते जाऊ दे. मेव्हण्याच्या नावावर फर्म काढा म्हणणारा माणूस आधी बदला. भरायचं असेल तर स्वतःच्या नावानं भरा. नाव लपवावंसं वाटतंय म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हिशेबनिसाला कळलेलं आहे, त्यानं फक्त उलट्या बाजूनं सांगितलं.

---

कलम पोटकलम:

वकिली पंचवीस वर्षं, त्यातली बरीच अपात्रतेच्या अर्जांत गेली. भावनेचं उत्तर दुसरे देतील, मी कागदापुरतं बोलतो.

महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कायद्यात (मुंबईचा वेगळा आहे) कलम १० बघा. नगरसेवकाचा, स्वतःचा किंवा त्याच्या भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पालिकेच्या कंत्राटात हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्यात कलम १४ मध्ये जवळपास हीच शब्दरचना आहे. दोन्हीकडे ‘भाऊ’, ‘बहीण’, ‘मेव्हणा’ असे शब्द सापडत नाहीत. लक्षात घ्या, अपात्र झालेच तर ताई होतील, तुम्ही नाही. तुम्ही विचारताय मला शिक्षा का, आणि कायद्याची तलवार टांगलेली आहे ती त्यांच्या डोक्यावर.

नुसतं नातं म्हणजे हितसंबंध का? सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये गुलाम यासीन खान यांच्या प्रकरणात नाही म्हटलं. मुलगा नगरपालिकेच्या जकात खात्यात नोकरीला, वडील निवडणुकीला उभे. न्यायालयाचं म्हणणं असं की केवळ बाप-लेक आहेत एवढ्यावरून त्या नोकरीत बापाचा हिस्सा किंवा हितसंबंध आहे असं धरता येत नाही, तो दाखवावा लागतो.

आता दुसरं टोक. २०१२ मध्ये तिथेच गोव्यातल्या एका प्रकरणाचा निकाल लागला. पंचायत सदस्य असलेल्या बाईंच्या नवऱ्यानं पंचायतीचं काम घेतलं होतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते. म्हणजे त्याच्या कंत्राटाच्या पैशात तिचा वाटा आलाच. त्या अपात्र ठरल्या. नातं दोन्ही खटल्यांत जवळचं होतं. निकाल फिरला तो पैसा कुठून कुठे जातो यावर.

आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९अ हे कलम आहे. आज ते फार आखडलेलं आहे. स्वतः सरकारशी केलेलं, मालपुरवठ्याचं किंवा कामाचं, चालू असलेलं कंत्राट, एवढंच त्यात बसतं. आधीची भाषा ऐसपैस होती. १९५४ चं भंडाऱ्याच्या जसानींचं प्रकरण जुन्या वकिलांना पाठ असतं. ते ज्या पेढीचे भागीदार होते ती पेढी सैनिकांच्या कँटीनना विड्या पुरवायची. निवडणूक गेली. विड्यांपायी खासदारकी!

तेव्हा फ्यूजवाले, माझा प्रश्न तुम्हाला. धंद्यात ताईंचं काही आहे का? पैसा, जागा, जामीन, जुनी भागीदारी, काहीही. इथे लिहू नका, पण स्वतःला विचारा.

---

निवृत्त टेंडर शाखा:

वकीलसाहेबांनी कागद सांगितला, मी टेबल सांगतो. एका स्थानिक संस्थेच्या टेंडर शाखेत एकतीस वर्षं काढली. लाखेचे सील फोडून लिफाफे उघडण्यापासून ते ई-टेंडरच्या पासवर्डपर्यंत सगळं पाहिलं.

फ्यूजवाले, ‘दर सगळ्यात कमी’ हे तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण तुम्ही एकाच दिवसाबद्दल बोलताय, लिफाफा उघडतो त्या दिवसाबद्दल. खरं काम त्याच्या आधी तीन महिने आणि त्याच्या नंतर पाच वर्षं चालतं.

आधीचं बघा. अटी कोण लिहितं? शाखेतला अभियंता. ‘मागील तीन वर्षांत अशा स्वरूपाचं किमान इतक्या दिव्यांचं एक काम पूर्ण केलेलं असावं.’ हा आकडा दोन हजार लिहिला तर सहा ठेकेदार बसतात, पाच हजार लिहिला तर दोन. आता त्या अभियंत्याला ठाऊक आहे की तुमचं सगळ्यात मोठं काम किती दिव्यांचं होतं. तुम्ही त्याला काही सांगितलेलं नाही, ताईंनीही नाही. त्याच्या डोक्यात मात्र तो आकडा आहे. तो नकळत तुमच्या मापाचा कपडा शिवतो. किंवा, हेही पाहिलंय, घाबरून मुद्दाम तुम्ही बसणारच नाही असा शिवतो. दोन्हीत अट दिव्यांसाठी लिहिली गेली नाही, नात्यासाठी लिहिली गेली.

मग स्पर्धा. आमच्याकडे एक पदाधिकारी होते, त्यांचे साडू फर्निचर पुरवायचे. साडू धंद्यात आधीपासून होते, माल बरा असायचा. साहेब पदावर आले त्या वर्षी त्या कामाला सात निविदा आल्या. पुढच्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी तीन, आणि त्यातल्या दोघांच्या अनामतीचे डीडी एकाच बँकेच्या एकाच शाखेतून, नंबर पाठोपाठचे. म्हणजे सपोर्टची, नुसती संख्या दाखवायला भरलेली टेंडरं. खरा भरणारा एकच उरला होता आणि त्याचा दर अर्थातच सगळ्यात कमी! कुणी कुणाला दमदाटी केलेली नव्हती. बाकीच्यांनी आपापल्या घरी बसून हिशेब केला, की अनामत अडकवा, कागद गोळा करा, आणि मिळणार कुणाला हे माहीतच आहे. न आलेल्या निविदेची फाइल नसते हो. ऑडिटवाला आलेल्या तीन तपासतो आणि बरोबरची खूण करून जातो.

नंतरचं तर विचारूच नका. खांबाचा पाया दीड मीटर खोल हवा, खणलाय सव्वा. मोजमाप पुस्तिकेत काय लिहायचं? कनिष्ठ अभियंता पंचविशीतला, नोकरीत दोन वर्षं झालेली, बदली कुणाच्या सहीनं होते ते त्याला पक्कं ठाऊक. दिवा बंद पडला की अठ्ठेचाळीस तासांत लावायचा, नाही तर दंड. दंडाची नोटीस कोण टाइप करणार? मुदतवाढ, जादा बाबी, केबलचा वाढीव दर, हे सगळं दराचा लिफाफा फाडल्यानंतर ठरतं. कमी दर भरून जादा बाबींत वसूल करणारे आम्ही कमी पाहिले नाहीत. तुम्ही तसे आहात असं म्हणत नाही. पण तुम्ही तसे नाही आहात हे पाहायला जो माणूस नेमलाय, त्याचे हात तुमच्या नात्यानं बांधलेत.

आणि आता माझं स्वतःचं. त्या साहेबांनी मला साडूंच्या बिलाबद्दल एकदाही फोन केला नाही. खरंच नाही केला. पण ते बिल गठ्ठ्यात कायम वरच असायचं. वर कोण ठेवायचं? मी. का ठेवायचो, तर निवृत्तीला सहा वर्षं होती आणि कुणी नाराज व्हायला नको होतं. त्याच गठ्ठ्यात तळाला एका छोट्या रंगकामवाल्याचं बिल पाच महिने पडून होतं. तो दर सोमवारी यायचा, स्टुलावर बसायचा, जायचा. त्याचा चेहरा अजून आठवतो. त्याचं नाव आठवत नाही, याची लाज वाटते.

ताई तोंड उघडणार नाही म्हणतात. त्यांनी उघडायची गरजच नाही. तेवढ्यासाठी आमच्यासारखे असतात.

जाता जाता एक गंमत. केंद्रीय बांधकाम खात्याच्या टेंडरमध्ये अट असते, की खात्याच्या ज्या सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, ठेकेदाराचा जवळचा नातेवाईक कनिष्ठ अभियंत्यापासून अधीक्षक अभियंत्यापर्यंत कुठल्याही पदावर आहे, तिथे त्याला टेंडर भरता येत नाही. ‘जवळचा’ या शब्दात काका, मामा, चुलत-मावस भावंडं आणि सासरची मंडळीही येतात. म्हणजे कनिष्ठ अभियंत्याच्या मावसभावाला बंदी. मंत्र्यांच्या आचारसंहितेत मात्र ‘कुटुंब’ म्हणजे पती किंवा पत्नी, अज्ञान मुलं आणि पूर्णपणे अवलंबून असलेले नातलग. कमावता भाऊ त्यात बसतच नाही. वर ‘नेहमीच्या व्यवहारात, बाजारभावानं’ अशी सवलत ठेवलेली. आणि ती आचारसंहिता मोडली तर न्यायालयात जाता येत नाही. मावसभाऊ जास्त धोकादायक की सख्खा, ते तुम्हीच ठरवा.

---

पूर्वा_क:

टेंडर शाखेच्या काकांचं उत्तर वाचून जेवण थंड झालं. सरकारी खरेदी हा माझा अभ्यासाचा विषय आहे म्हणून थोडं बाहेरचं सांगते. योगायोग असा की पहिलं उदाहरण दिव्यांचंच आहे.

हंगेरीत एलिओस नावाची कंपनी होती. शहरांमधले रस्त्यांवरचे दिवे काढून एलईडी बसवायचं काम, पैसा बराचसा युरोपीय संघाचा. तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांचे जावई इश्तवान तिबोर्ट्स काही काळ तिचे सहमालक. गावोगाव टेंडरं झाली, नियमानं झाली, कंपनी जिंकत गेली. संघाच्या फसवणूकविरोधी कार्यालयानं, ओलाफनं, ३५ कामं तपासली आणि गंभीर अनियमितता आणि हितसंबंधांचा संघर्ष असल्याचा अहवाल दिला. ४ कोटी ३० लाख युरोंहून जास्त रक्कम परत घ्यावी अशी शिफारस होती. त्यांचा रोख कशावर होता माहीत आहे? टेंडरची कागदपत्रं तयार करण्यात कंपनीशी लागेबांधे असलेल्या सल्लागाराचा हात होता, यावर. म्हणजे काकांचं ‘आधीचे तीन महिने’. २०१८ च्या अखेरीस हंगेरीच्या पोलिसांनी गुन्हा घडलेला नाही म्हणून तपास बंद केला. सरकारनं ती बिलं युरोपीय संघाकडे मागायचीच सोडून दिली. थोडक्यात, भुर्दंड हंगेरीच्या करदात्यांवर.

दुसरं, ‘फोन करावा लागत नाही’ हे आकड्यांत दिसतं तेव्हा कसं दिसतं ते. ब्रिटनमध्ये २०२० साली कोविडच्या काळात मास्क-गाऊन पुरवणाऱ्यांसाठी एक खास रांग केली होती. मंत्री, खासदार, वरिष्ठ अधिकारी यांनी सुचवलेले पुरवठादार तिथे जायचे. त्यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा हिशेब असा: खास रांगेतल्या ४९३ पैकी ४७ जणांना काम मिळालं, साध्या रांगेतल्या १४,८९२ पैकी १०४ जणांना. दहात एक विरुद्ध शंभरात एकही पुरता नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती रांग बेकायदा ठरवली. पण त्याच निकालात असंही म्हटलं, की ज्या दोन कंपन्यांना या रांगेचा बेकायदा फायदा मिळाला त्यांना साध्या रांगेतूनही बहुधा काम मिळालंच असतं. फ्यूजवाले, हे तुमच्यासारखंच झालं बघा. दोष रांगेत होता, आणि तुम्ही लायक असलात तरी पाहणाऱ्याला ते आता सिद्ध करून दाखवता येत नाही.

तोंड न उघडण्याबद्दलही एक. कॅनडात २०२० मध्ये विद्यार्थ्यांची एक मोठी योजना ‘वी चॅरिटी’ या संस्थेकडे चालवायला दिली. पंतप्रधान ट्रुडो यांच्या आई आणि भावाला त्या संस्थेच्या कार्यक्रमांत भाषणांचं मानधन मिळालेलं होतं, अर्थमंत्री मॉर्नो यांची मुलगी तिथे कामाला होती. निर्णयाच्या वेळी दोघेही बाजूला झाले नाहीत. ओरड झाल्यावर दोघांनी माफी मागितली, संस्थेनं काम सोडलं. पुढच्या वर्षी नीतिमत्ता आयुक्तांनी मॉर्नोंना दोषी धरलं, ट्रुडोंना नाही. कारण त्यांच्या कायद्यात प्रत्यक्ष संघर्ष धरला जातो, नुसता दिसणारा नाही. पण बाजूला होणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे त्या प्रकरणात नीट कळतं. आधी लेखी जाहीर करायचं, तो विषय आला की खोलीतून उठून जायचं, आणि उठून गेल्याची इतिवृत्तात नोंद करायची.

आता काकांशी थोडं भांडते. सरसकट बंदी मला पटत नाही. फिलिपिन्सच्या २००३ च्या खरेदी कायद्यात प्रत्येक निविदेबरोबर शपथपत्र लागायचं, की खरेदी करणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुखाशी रक्ताचं किंवा लग्नाचं तिसऱ्या पायरीपर्यंतचं नातं नाही. ऐकायला छान. पण जिथे निम्मं गाव एकमेकांचं नातेवाईक असतं तिथे असा नियम एक तर सगळ्यांना बाद करतो, नाही तर सगळ्यांना खोटं लिहायला शिकवतो. मेव्हण्याच्या नावावरच्या फर्मा अशाच नियमांतून उगवतात. मला वाटतं नातं उघड लिहा, यादी लोकांसमोर ठेवा, तपासणी बाहेरच्या माणसाकडून करा, आणि मग भरू द्या.

---

निवृत्त टेंडर शाखा:

पूर्वाताई, भांडा की. पण बाहेरचा तपासणीस कोण नेमतं? संस्थाच. त्याचं बिल कोण काढतं? मी. उघड लिहावं हे मान्य, शंभर टक्के. पण छोट्या ठिकाणी नातं उघड करायची गरजच नसते, पानवाल्यालाही ते माहीत असतं. अडचण माहीत नसण्याची नाहीच. माहीत असतं म्हणून तर सगळे तसे वागतात.

गाव लहान असेल आणि दुसरा भरणाराच नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे तुमचं ऐकतो. दिव्यांच्या कामाला महापालिकेत दुसरा माणूस मिळत नाही, हे मात्र मला कुणी पटवू नये.

फ्यूजवाले, एक विचारू? ताई निवडून आल्यापासून तुमची बिलं किती दिवसांत निघतात?

---

फ्यूजवाला:

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. काकांच्या प्रश्नानं झोप उडाली.

आधी साडेतीन-चार महिने लागायचे. कधी मार्च उलटून जायचा. निकालानंतरचं पहिलं बिल नऊ दिवसांत निघालं. दुसरं अकरा. मी खूश होतो. बायकोला म्हटलंसुद्धा, की नवीन आयुक्त कामाचे दिसतात. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी कुणाला फोन केला नव्हता, शपथेवर सांगतो. पण त्या गठ्ठ्यात तळाला कोण होतं हे मीही विचारलं नाही.

परवा टेंडरपूर्व बैठक होती. गेलो. एरवी सात-आठ जण असतात, चहा संपतो. या वेळी मी धरून तिघं. माझ्या बरोबरीनं धंद्यात आलेला एक जण दारातच भेटला. त्याची-माझी स्पर्धा जुनी, एकदा पन्नास पैशांनी मी हरलोय त्याच्याकडून. तो म्हणाला, ‘तुम्ही भरताय ना? मग मी कशाला अनामत अडकवू.’ ना राग, ना टोमणा. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ‘तुम्ही’ म्हणाला. ते जास्त लागलं.

वकीलसाहेब, तुम्ही इथे लिहू नका म्हणालात तरी लिहितो. गोदाम वडिलांचं होतं, आज ताईच्या आणि माझ्या नावावर आहे. अर्ध्या जागेचं भाडं दर महिन्याला ताईच्या खात्यात जातं, धंद्याच्या खात्यातून. आणि बँकेच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी उचल देणाऱ्या कर्जाला, जामीन ताईच आहे. आम्हाला दोघांनाही हे कधी वेगळं काढून बघावंसं वाटलं नाही. काल दोघं बसलो. ती आधी चिडली, मग म्हणाली, हे कागद विरोधकाच्या हातात पडले असते तर? मग गप्प बसली.

टेंडर भरत नाही. शेजारच्या दोन नगरपालिकांत आणि खाजगी गृहसंकुलांत काम बघतोय. गाडीच्या हप्त्याचं कसं करायचं ते अजून ठरलेलं नाही, चौदाच्या चौदा माणसं टिकतील असंही सांगू शकत नाही. म्हणजे शिक्षा झालीच, तिरकसराव. फक्त ती का झाली ते आता कळलं.

एक प्रश्न उरलाय. पालिकेचं माझं एक जुनं काम पूर्ण झालंय, पण त्याचा दोषदायित्व कालावधी अजून चौदा महिने आहे. त्यात दिवा गेला तर मी फुकट बदलायचा, उशीर झाला तर दंड. हे काम तर सोडता येत नाही. तिथे तो पंचविशीतला अभियंता मला दंड लावेल का? आणि लावला नाही तर मी काय करू?

---

कलम पोटकलम:

गोदामाचं भाडं आणि जामीन, दोन्ही ताबडतोब सोडवा. जामीनदार बदलून घ्या, जागेचा करार वकिलाकडून तपासून घ्या. ते जुनं काम चालू कंत्राट धरलं जाईल का, हे कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. सगळी फाइल घेऊन कुणाकडे तरी जा, आणि अपात्रतेचा अर्ज पडायच्या आधी जा.

---

निवृत्त टेंडर शाखा:

अभियंत्याला लेखी पत्र द्या. प्रत शहर अभियंत्याला आणि लेखा विभागाला. ‘सदर कामाच्या ठेकेदाराची सख्खी बहीण स्थायी समिती सदस्य आहे, तरी या कामाची तपासणी दुसऱ्या विभागाच्या अभियंत्याकडून व्हावी आणि बंद दिव्यांच्या तक्रारींची नोंदवही दर महिन्याला प्रसिद्ध व्हावी.’ आवक शिक्का मारून पोच घ्या, पोचेशिवाय टेबल सोडू नका.

आणि दिवा उशिरा लावलात तर दंडाची नोटीस यायची वाट बघू नका. किती तास उशीर झाला ते स्वतःच लिहा, करारातल्या दरानं रक्कम काढा आणि चलन भरा. पहिल्यांदा भरायला जाल तेव्हा खिडकीवरचा माणूस घेणार नाही, असं शीर्षच (पैसे जमा करायचं खातं) नाही म्हणेल. शीर्ष असतं. ‘संकीर्ण जमा’ म्हणून घ्यायला सांगा.

---

फ्यूजवाला:

पत्र आज दिलं. आवक खिडकीवरच्या बाईंनी दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘हे नक्की तुमच्याविरुद्धच आहे ना?’

पोच मिळाली.